उलटी बाजू

लव्हबर्डची मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली होती. अंडं अडकलं होतं. शिंप्याने तिला टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याच्या वाफेवर धरलं आणि शेपटीखाली बोटाने तेल लावलं. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले होते, "मी कुत्री-मांजरं बघतो हो. ऊब द्या आणि वाट बघा."

"जोर लाव गं बाई," शिंपी पुटपुटला.

"माझ्या वेळी बाहेर चहा पीत बसला होतात," बायको म्हणाली. तो हसला नाही.

"कॅल्शियम कमी पडलं की असं होतं म्हणे," तो म्हणाला. "पण कुरतडायला समुद्रफेस तर मी कधीचा बांधलाय."

जाळीला बांधलेला तो पांढरा तुकडा बायकोने सोडवून घेतला. त्यावर चोचीचा एकही ओरखडा नव्हता. एक बाजू कडक होती, दुसरी खडूसारखी मऊ.

"अहो, उलटा बांधलात. कडक बाजू तिच्या चोचीकडे होती."

कापडाची सुलटी बाजू अंधारातही बोटांनी ओळखणाऱ्या त्या माणसाने तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग नखाने भुकटी खरवडली, पाण्यात कालवली आणि मादीच्या चोचीला लावली. थेंब तसाच ओघळून टॉवेलात जिरला.

"परत वाफ देऊ या?" त्याने विचारलं.

बायकोने पातेलं गॅसवर ठेवलं. टॉवेलातली धडधड थांबलेली तिला दिसत होती.

"थांबा," ती म्हणाली, "पाणी तापू द्या."