धाकट्याचा राग

काचेच्या धंद्यातली ही भावांची जोडी सगळ्या बाजाराला ठाऊक होती. थोरला बोलायचा आणि धाकटा उठायचा. म्हणजे असं, की खरेदी कसलीही असो, थोरला समोरच्याच्या पोराबाळांची चौकशी करत करत भाव खाली आणायचा. भाव एका जागी रुतून बसला, की धाकटा चकार शब्द न काढता खुर्ची मागे सारायचा आणि दाराकडे चालू लागायचा. थोरला मग कपाळाला हात लावायचा. "झालं. तापट आहे हो फार. आता तुम्हीच काहीतरी करा." समोरचा बिचारा काहीतरी करायचा. मग थोरला हाक मारायचा, "अरे ये, ऐकलं त्यांनी," आणि धाकटा तोंड पाडून परत येऊन बसायचा.

तोंड पाडायला त्याला मेहनत पडत नसे, ते जन्मापासून तसंच होतं. राग मात्र अंगात औषधालाही नव्हता. मांजर अंथरुणात येऊन पसरलं, तर हा कडेला अंग चोरून झोपायचा.

थोरला गेला तो ऐन धावपळीत, नवी व्हॅन ठरवून आल्याच्या आठवड्यातच. सौदा ठरला त्या दिवशी कारखान्यात शिरताना स्वारी खुशीत होती. भाव तर पाडलाच होता, वर काचा तिरप्या टेकवून न्यायची लोखंडी चौकटही फुकटात बसवून द्यायचं कबूल करून घेतलं होतं. धाकट्याला म्हणाला, "या खेपेला तुला उठवायचीसुद्धा गरज पडली नाही बघ."

आज उरलेले पैसे भरून व्हॅन न्यायची होती. सोबत वहिनी होत्या. थोरल्याच्या जागी आता त्या भागीदार होत्या आणि चेकवर दोन सह्या लागत. शोरूमच्या गुबगुबीत सोफ्याच्या अगदी कडेला, जणू कोणी उठवणारच आहे अशा बेताने, त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मॅनेजर नवा होता. आधीच्याची बदली झाली होती, आणि जाताना त्याने चौकट फुकट ठरल्याचं कोणाच्या कानावर घातलं नव्हतं. व्हॅन तयार होती, चौकटही बसली होती, पण बिलात चौकटीचे पैसे वेगळे लावले होते.

धाकट्याने सांगितलं, की हे फुकट ठरलं होतं. मॅनेजरने अदबीने विचारलं, कोणाशी ठरलं होतं? धाकटा म्हणाला, दादाशी. मॅनेजर म्हणाला, मग त्यांनाच एक फोन लावता का?

वहिनींनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

व्हॅनच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ होती, धाकट्याच्या स्वतःच्या खिशातूनही निघाली असती. पण ती दिली की दादाचा शेवटचा सौदा मोडला. व्हॅन न्यायची ती दादाच्या भावातच, एवढं एकच मनाशी धरून तो आज घराबाहेर पडला होता.

त्याने दादासारखं बोलून पाहिलं. मुलंबाळं किती, म्हणून विचारलं. मॅनेजर म्हणाला, लग्न व्हायचंय अजून. त्यावर पुढे काय बोलतात ते धाकट्याला माहीत नव्हतं, ते खातं दादाकडे होतं. त्याने पुन्हा चौकटीचा विषय काढला. मॅनेजरने पुन्हा बिलावर बोट ठेवलं. भाव रुतून बसला.

आणि धाकटा उठला. त्याने काही ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय पायांत मुरलेली, पाय आपले निघाले. खुर्ची मागे सरली, चकचकीत गाड्यांच्या मधून तो काचेच्या दारापर्यंत गेला, मुठीवर हात ठेवला आणि नेहमीसारखा थांबला.

मागे प्रिंटर खरखरला. कोणीतरी कोणाला तरी किल्ली कुठे म्हणून विचारलं. तो थांबूनच होता. दार खाली घासतंय, बिजागरी उतरली आहे, हेही त्याने बघून घेतलं. हाक आली नाही.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून तो दार ढकलून बाहेर गेला. काचेतून आतलं दिसत होतं. मॅनेजर फोनवर बोलत होता. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या.

नाक पुसून तो आपणहून परत आला. मॅनेजरने पाणी मागवलं. धाकट्याने चौकटीसकट सगळी रक्कम चेकवर लिहिली, सही केली आणि चेक वहिनींकडे सरकवला. थोरल्याची सही असायची त्या जागी त्यांनी जपून, एकेक अक्षर जुळवत सही केली.

व्हॅन रस्त्याला लागली. मग वहिनी समोर बघतच म्हणाल्या, "भाऊजी, मघाशी मी हाक मारणार होते तुम्हाला. पण हे म्हणायचे, तो चिडला की मध्ये कोणी पडायचं नाही."

"दादा म्हणायचा असं? घरी?"

"नेहमी. जेवताना सगळं सांगायचे, आज तुम्ही कुठून कसे उठून गेलात, यांनी कसं समजावून आणलं. मी तर लग्न झाल्यापासून तुमच्यासमोर जपूनच बोलते."

धाकट्याने गाडी हळू केली. आपण खोलीत आलो की वहिनींचं बोलणं थांबायचं, पुतण्यांचा दंगा थांबायचा. याला तो आजवर मान समजत होता. दादाने सौद्यातलं गुपित घरातही फोडलं नव्हतं. की बायकोला रंगवून सांगण्यात त्याला मजा वाटत होती? विचारायचं कोणाला?

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग दादा आयुष्यभर बायकोशी खोटं बोलला असं झालं असतं, आणि ते हसण्यावारी न्यायला दादा नव्हता.

"हो," तो म्हणाला. "राग आला होता मला."

"आणि आता?"

"आता गेला."

वहिनींनी मान हलवली. जरा वेळाने, कोणी ऐकेल की काय अशा आवाजात त्या म्हणाल्या, "यांचंच तेवढं ऐकायचात तुम्ही. पुढच्या वेळी तुम्हाला परत कोण आणणार?"

"मीच येईन, वहिनी."

त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. त्या दाराची कडी धरून बसून राहिल्या. कारखाना येईपर्यंत त्याने एकदाही जोरात ब्रेक लावला नाही.