पाच जागी लिहिलेला दम

हे वाचता वाचता एक गंमत करून बघा. 'म' म्हणताना मिटतात तसे ओठ मिटा. आता मधून हवा सोडा, पण ओठ उघडू देऊ नका. काचेवर अडकलेल्या माशीसारखा फुर्र आवाज आला ना? नाक हुळहुळलं असेल. शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांनी वळून पाहिलं असेल. पाहू द्या. तुम्ही आत्ता निम्मा ट्रम्पेट वाजवलात. उरलेला निम्मा म्हणजे पितळेची वाकवलेली नळी. ती ओठांची फुरफुर मोठी आणि गोड करते, एवढंच तिचं काम.

आता अशी कल्पना करा, की हीच फुरफुर तुम्हाला बारा मिनिटं करायची आहे, ओठांवर पितळेची थंडगार वाटी टेकवून. आणि सगळ्यात उंच, सगळ्यात लांब सूर अगदी शेवटी आहे. ओठांचे कोपरे नुसत्या विचारानेच दुखायला लागले? मग तुम्हाला मुंगीची अडचण कळली.

मुंगी अकरा वर्षांची. खरं नाव दुसरंच होतं, पण उंची बेताची आणि एका जागी बसणं ठाऊक नाही, म्हणून घरीदारी सगळे तिला मुंगीच म्हणत. गल्लीच्या कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर दर शनिवारी दुपारी बँडचा सराव चाले. दुकानाचे मालक चष्मेवाले काका हेच बँडमास्तर. माडीच्या भिंतीवर डोळे तपासायचा जुना तक्ता लटकत असे. कोणी चुकलं, की काका हातातली छडी त्या तक्त्याकडे दाखवून विचारत, "वरची मोठी अक्षरं तरी दिसतात का?"

पहिला ट्रम्पेट कितीतरी वर्षं गल्लीतले घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी वाजवत. यंदा त्यांचे पुढचे चार दात काढावे लागले. नवे बसवले, पण ट्रम्पेट तोंडाला लावला की ते आपल्या मर्जीने चालत. म्हणून त्यांनी आपली सुरांच्या कागदांची फाइल काकांच्या स्वाधीन केली आणि काकांनी ती मुंगीच्या हातात दिली. मुंगी काकांकडे तीन वर्षं शिकत होती. छोटी गाणी ती छान वाजवी, पण छोटी म्हणजे दोन-तीन मिनिटांची.

त्या फाइलमध्ये मोठी धून होती, चार पानांची. चौथ्या पानाच्या शेवटी एक सूर होता, सोळा मात्रांचा, न तुटता वाजवायचा. मुंगी चार वर्षांची असल्यापासून जिन्यात बसून तो सूर ऐकत आली होती. बाकीची वाद्यं एकेक करून थांबत आणि तेवढा एक सूर खिडकीतून निघून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींपर्यंत जाई. आता तो सूर तिचा होता.

म्हणजे, व्हायचा होता. कारण तिसरं पान संपता संपता तिच्या ओठांतलं त्राणच जाई. चौथ्या पानावर ट्रम्पेटमधून सूर येण्याऐवजी सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी हवा येई. रविवारी बागेत कार्यक्रम होता आणि त्याच्या आधीच्या रविवारी काकांनी मुद्दाम जादा सराव ठेवला, तेव्हाही तेच झालं. फुस्स.

काकांनी छडी खाली ठेवली. "पोरी, शनिवारी शेवटचं एकदा बघू. नाही जमलं तर चौथं पान दादा वाजवेल."

दादा म्हणजे तिचा आतेभाऊ, चौदा वर्षांचा. दुसरा ट्रम्पेट तो वाजवायचा. त्याचे कान लाल झाले.

"लगेच खूश होऊ नकोस," मुंगी पुटपुटली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझे कान म्हणाले."

मग मुंगीने काय केलं असेल? तुम्ही-आम्ही करतो तेच. सोमवारी दोन तास सलग वाजवलं. मंगळवारी अडीच. सूर निसटायला लागला, की ती ट्रम्पेट ओठांवर आणखी दाबून धरी. बुधवारी सकाळी आईने तिची हनुवटी उचलून पाहिली. "हे काय गं? ओठांवर बशी उमटलीय नुसती. कप कुठे राहिला?" ओठ सुजले होते. मुंगीने ट्रम्पेट लावून पाहिला, तर सगळ्यात सोपा, सगळ्यात खालचा सूरसुद्धा येईना. तेव्हा मात्र तिला रडू आलं. पेटी उचलून ती थेट घड्याळजींच्या दुकानात गेली.

घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी त्याच डोळ्याने तिच्या ओठांकडे पाहिलं.

"अरेरे! कोणाशी मारामारी?"

"आजोबा, माझ्यात दमच नाही," मुंगी म्हणाली. "शेवटचं पान दादाला देणार आहेत."

"फाइल उघड. पहिल्या पानापासून मला सांग, कुठे काय करतेस."

मुंगी बोट फिरवत सांगू लागली. इथे सुरुवात, इथे हळू, इथे चढायचं. दुसऱ्या पानावर ती थांबली. "आणि इथे खूप जोर लावते. अशा पाच जागा आहेत."

"तिथे जोर? कशाला?"

"तुम्हीच लिहिलंय की!" मुंगीने फाइल त्यांच्या नाकासमोर धरली. सुरांच्या वर पेन्सिलीने, घड्याळाच्या काट्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दम'.

घड्याळजी इतके हसले, की नवे दात त्यांना हाताने धरावे लागले. "अगं बाई, तो 'दम खा' आहे! माझं अक्षर बारीक आणि जागा त्याहून कमी, म्हणून पुढचं लिहिलं नाही. तिथे ट्रम्पेट मांडीवर ठेवायचा. जिथे जिथे मी विसावा घ्यायचो, नेमकी तिथेच तू सगळी ताकद उधळतेस!"

"पण तिथे सूर छापलेत."

"तुझ्या आणि दादाच्या, दोघांच्याही कागदावर तेच छापलेत. दोघांपैकी एकाने वाजवलं तरी पुरतं. दादा काय शोभेला बसलाय?"

"मग काका का नाही बोलले?"

"त्यांना वाटलं असेल, नवीन आहे, हौस आहे. 'दमानं, दमानं' असं ओरडत असतील ना?"

"ओरडतात. मला वाटलं, ढोलवाल्याला सांगतात."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," घड्याळजी म्हणाले. "ढोलवाला सोडून."

मग त्यांनी तिचा अंगठा हातात घेतला आणि नखावर दाब दिला. नख पांढरं पडलं. सोडलं, तसं हळूहळू गुलाबी झालं. "बघितलंस? दाबलं की रक्त निघून जातं. ट्रम्पेट दाबून धरतेस तेव्हा तुझ्या ओठांचं हेच होतं. सोडल्याशिवाय ते परत येणार कसं? आणि रक्त नाही तर सूर नाही. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल, आणि ट्रम्पेट नुसता टेकवायचा, मांजराच्या पिल्लाला उचलतो तेवढ्याच बेताने."

"मग उद्या तीन तास तसं वाजवते."

"उद्या पेटीला हात लावायचा नाही."

"अख्खा दिवस?"

"अख्खा दिवस. परवा शाळा सुटल्यावर इथे ये."

गुरुवार फार मोठा निघाला. मुंगीने तीनदा पेटी उघडून नुसती पाहिली आणि तीनदा मिटली. शुक्रवारी सूज उतरली होती. घड्याळजींच्या दुकानात ती एक ओळ वाजवी आणि ओळीला लागला तेवढाच वेळ ट्रम्पेट मांडीवर ठेवून बसे. भिंतीवर वीसेक घड्याळं टिकटिकत होती.

"आजोबा, कुठल्या घड्याळावर मोजू?"

"कुठल्याही. एकही बरोबर नाही. म्हणून तर इथे आलीत."

तासाभराने त्यांनी तिला थांबवलं. तिला अजून वाजवता येत होतं, आणि म्हणूनच थांबवलं. "चार दिवसांत ओठ मजबूत होत नाहीत, बाळ. त्याला महिने लागतात, रोज थोडं थोडं. पण आहे ते जपून वापरणं आजपासून जमतं."

शनिवारी माडीवर पहिल्या 'दम'पाशी मुंगीने ट्रम्पेट खाली घेतला. दादा एकटा पडला. तो इतका दचकला, की त्याचा सूर बोबडा झाला. दुसऱ्या वेळी तो सावरला. तिसऱ्या वेळी त्याने असं वाजवलं, की मुंगीने वळून पाहिलं. इतके दिवस ती त्याच्यावर ओरडल्यासारखी वाजवत होती, त्यामुळे त्याचा सूर तिने कधी ऐकलाच नव्हता. भरदार होता.

चौथी जागा, पाचवी जागा. मग चौथं पान. तिने ट्रम्पेट ओठांना नुसता टेकवला. एकेक वाद्य थांबत गेलं. दहा, अकरा, बारा... चौदाव्या मात्रेनंतर सूर तुटला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोन मात्रा कमी पडल्या. पान तुझंच. उद्या येताना त्या दोन घेऊन ये."

त्या संध्याकाळी मुंगीने एकही सूर वाजवला नाही.

रविवारी बागेत बरेच लोक होते. पहिल्या बाकावर घड्याळजी बसले होते, शेजारी मुंगीची आई आणि आत्या. मुंगीने पाचही वेळा ट्रम्पेट मांडीवर घेतला, पाचही वेळा दादाने ओळ निभावून नेली. आणि शेवटी, सगळे थांबल्यावर, तिचा सूर उरला. तेरा. चौदा. ओठांचे कोपरे थरथरले. तिला ट्रम्पेट दाबून धरायचा मोह झाला, पण तिने दाबला नाही. पंधरा. सोळा. काकांनी मूठ मिटली आणि सूर संपला. तुटला नाही, संपला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबेचनात. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग सगळेच ओरडले. काकांनी छडी उचलली. "चौथं पान, पुन्हा एकदा!"

मुंगीने जिभेने ओठ चाचपले. ओठ थोडे झिणझिणत होते. दाबून वाजवलं असतं तर कदाचित निघाला असता तो सूर. तिने शेजारी पाहिलं. दादा मान खाली घालून आपल्या ट्रम्पेटमध्ये फुंकून फुंकून साचलेलं पाणी काढत होता. त्याने काही मागितलं नव्हतं.

मुंगीने चौथं पान त्याच्या स्टँडवर सरकवलं.

"ए, हे काय?"

"वाजव. आणि माझा विचार बदलायच्या आत सुरू कर."

दादाचे कान लाललाल झाले. त्याने ट्रम्पेट उचलला. मुंगीने आपला मांडीवर ठेवला आणि त्याच्यासाठी बोटांवर मात्रा मोजायला सुरुवात केली.