शिवेपल्याड सोडलेली कोंबडी

बनुबाईच्या कोंबड्या माना टाकायला लागल्या, त्याच्या आधीच गावात भोंग्याची रिक्षा फिरून गेली होती. आजारी पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, लगेच कळवा. पण बनुबाई कशाला कळवतेय! कळवलं की धडधाकट कोंबड्याही मारून पुरतात, हे तिनं ऐकलं होतं. तिनं आपली जुनी रीत धरली. रोगराई शिवेपल्याड घालवायची. एक मलूल तांबडी कोंबडी पाटीखाली झाकून नेली आणि ओढ्यापलीकडं वाडीच्या हद्दीत सोडून आली. अशा कोंबडीला कुंकू लावायचं असतं, म्हणजे बघणारा चार हात लांबनं जातो. बाईनं तेही लावलं नाही. कुंकू दिसलं तर सोडली कुणी, याची चौकशी व्हायची. अशी ही शहाणी!

रोग कसला जातोय? दोन दिवसांत आणखी कोंबड्या मेल्या, शेजारणीनं फोन केला आणि तोंडाला मास्क बांधलेली माणसं दारात आली. गावही गोळा झालं.

"मावशी, हा बर्ड फ्लू असेल तर माणसालाही होऊ शकतो," त्यातली जनावरांची डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाली. "क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततं. आजारी कोंबडी बाहेर कुठं नेली नाही ना?"

"न्हाई बा," बनुबाई म्हणाली.

तेवढ्यात वाडीतला केरबा आला, काखेत तांबडी कोंबडी घेऊन.

"आक्का, तुमची कोंबडी चुकून आमच्यात आलती. पायातल्या तुमच्या खुणंच्या चिंधीवरनं वळखली. लय मलूल हुती. माझ्या पोरीनं मांडीवर घिऊन पाणी पाजलं, दोन राती कुशीत घिऊन निजली."

"ठेव खाली ती!" गर्दीतनं आकाराम ओरडला. "तुमच्या वाडीतनंच आला व्हय रोग आमच्यात?"

केरबा गांगरला. त्यानं कोंबडी खाली ठेवली आणि बनुबाईपुढं हात जोडले. "चुकलं आक्का. माझ्यामुळं तुमच्या कोंबड्या गेल्या. आन पोरगी बी सकाळधरनं तापलीया."

बनुबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. ते जोडलेले हात तिला बघवेनात. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुजं कशाचं चुकलं रं? म्याच सोडली ती. आजारी हाय म्हाईत आसून सोडली."

प्रियदर्शनीनं केरबाला साबणानं हात धुवायला लावले, दवाखान्यात फोन केला. "पोरीला आत्ताच तपासायला नेऊ. औषध वेळेत मिळायला हवं. चला."

केरबानं चार शिव्या द्याव्यात म्हणून बनुबाई मान खाली घालून उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाई," गाडीत चढता चढता त्यानं डॉक्टरला विचारलं, "माझी पोर वाचंल न्हवं?"