इरकली झबलं

हायाशीसाननी खिडक्यांचे पडदे ओढले आणि भर दुपारी चर्चच्या हॉलमध्ये अंधार झाला. प्रोजेक्टर घरघरला. भिंतीवर लाल माती, पत्र्याचं छप्पर आणि दारात उभी राहिलेली मुलं उमटली. शेजारी सिस्टर नोनाका उभ्या होत्या. झांबियातल्या एका गावात आईबाप आजारानं गेलेल्या मुलांसाठी त्या घर चालवत, आणि कावासाकीच्या या लहानशा चर्चमधून त्या घराला दरवर्षी कपड्यांची खोकी जात.

विभा ख्रिस्ती नव्हती. शेजारच्या हायाशीसान एकदा हाताला धरून घेऊन आल्या, तेव्हापासून ती कपडे निवडायला, घड्या घालायला येई. घरात भिंती खायला उठत, त्यापेक्षा हे बरं. आज तिनं नवऱ्यालाही ओढून आणलं होतं. सिस्टरांचं जपानी तिला झेपलं नसतं, आणि गुणवंत मात्र ऑफिसात जपान्यांशी डोकं लावून लावून तरबेज झालेला. तो तिच्या कानाशी वाकून मराठीत सांगत होता.

“ही विहीर नवी. ही स्वयंपाकघरातली आजी. सगळी पोरं हिच्याच अंगाखांद्यावर वाढतात म्हणे.”

खट्. पुढची स्लाइड.

गुणवंत खुर्चीत पुढे सरकला.

चटईवर एक तान्ही मुलगी बसली होती. अंगात डाळिंबी इरकलीचं झबलं, गळ्याशी काठाची पट्टी. एक बंद लाल आणि एक हिरवा, कारण विभाच्या आईजवळचा लाल कपडा संपला होता. साताऱ्याला बसून तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं ते शिवलं होतं. असं झबलं जगात एकच होतं, आणि ते नचिकेतचं होतं.

“ते बॅगेत ठेवलंय म्हणाली होतीस,” गुणवंत पुटपुटला.

त्यांचा सात महिन्यांचा नचिकेत गेल्या वर्षी तापात गेला. गावाकडे तान्ह्या लेकराला पुरतात. इथे जाळावं लागलं. आई फोनवर म्हणाली होती, “गेलेल्या लेकराचं कापड घरात ठेवू नकोस, आणि दुसऱ्या लेकराच्या अंगावर तर मुळीच घालू नये. नदीत सोड.” विभा तामा नदीवर गेलीही. पण या देशात विसरलेली छत्रीसुद्धा पोलीसचौकीतून फिरून मालकाकडे येते. झबलं कुणीतरी काढलं असतं, वर धुऊन घडी करून दारात आणून दिलं असतं. कचऱ्यात टाकावं, तर कापड जातं ‘जळणारा कचरा’ लिहिलेल्या पिशवीत. एकदा जाळलं होतं, तेवढं पुरे होतं. शेवटी तिनं ते चर्चच्या खोक्यात तळाशी सरकवलं आणि कुणाचं ते सांगितलं नाही.

खोकं बोटीवर चढलं आणि तिच्या मनानं घेतलं की एका बिनआईच्या लेकराकडे आपण मरण धाडलंय. तेव्हापासून ती धड झोपली नव्हती.

“ती मुलगी अजून आहे ना, विचार,” ती म्हणाली.

“इथे? सगळ्यांसमोर?”

“विचार रे.”

गुणवंत उठला. का विचारतोय तेही त्याला सांगावं लागलं. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या माना खाली गेल्या. सिस्टर मात्र दचकल्या नाहीत. त्या सावकाश बोलू लागल्या आणि तो एकेक वाक्य मराठीत आणू लागला.

“आजीला माहीत होतं, म्हणतायत. झबलं हातात घेतल्याबरोबर ती म्हणाली, हे गेलेल्या मुलाचं आहे. सिस्टर ते बाजूला ठेवणार होत्या. तर आजी म्हणाली, मुद्दाम हेच घाला. ज्याला ती वाट माहीत आहे, तो सोबत असलेला बरा. पोर तिकडे निघालीच, तर तो परत फिरवील.”

“मग?”

“घरात गोवर आला. दोन मुलं गेली. ही राहिली.” गुणवंतनं सिस्टरांकडे बघून पुढचं ऐकून घेतलं. “तापात सारखी कोपऱ्याकडे बघून हसायची म्हणे.”



खट्. शेवटची स्लाइड. तीच मुलगी, अंगात आता फ्रॉक. लाल वाटेवरून एकटीच चालत होती. एक हात बाजूला आडवा, मूठ हलकी मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरलं असतं, तर हात वर गेला असता. हा हात तिच्याएवढ्याच कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा होता. नचिकेत आता दोन वर्षांचा असता. विभानं मातीवर दुसरी सावली शोधली, पण तेवढ्यात हायाशीसाननी पडदे उघडले आणि भिंत पांढरी झाली.

सिस्टर त्यांच्याजवळ आल्या आणि पिशवीतून एक घडी काढून त्यांनी विभाच्या हातात ठेवली.

“मुलीला आता होत नाही, म्हणतायत,” गुणवंत म्हणाला.

विभाला रडू फुटलं. नचिकेतला ते कधी लहान झालंच नव्हतं. कुणाच्या तरी अंगाला ते अपुरं पडलं, याचा तिला इतका आनंद झाला की तिला तिथे उभं राहवेना. तिनं झबलं नाकाशी धरलं. धूर, लाल माती आणि त्याखाली नचिकेतच्या अंगाचं वेखंड. इतक्या धुण्यांनंतर तो वास कुठून राहील?

सिस्टर आणखी काही बोलल्या.

“ऑगस्टमध्ये त्या गावाहून निघाल्या, तेव्हा आजीनं हे बांधून दिलं,” गुणवंत सांगू लागला. “म्हणाली, त्याच्या आईला नेऊन दे. तिला जूनमध्ये...”

तो थांबला. त्यानं जपानीत पुन्हा विचारलं. सिस्टरांनी तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हटलं.

“विभा, तुला हे जूनमध्ये लागेल म्हणतायत.”

बोललं की जाईल, या भीतीनं विभानं दिवस गेल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं, गुणवंतलाही नाही. आता नोव्हेंबर संपत आला होता. ऑगस्टमध्ये तर सांगण्यासारखं काही नव्हतंच.

गुणवंत तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान हलवली, हो म्हणून. त्यानं झबलं तिच्याकडून घेतलं.

“धुवायला टाकू नकोस हं,” ती म्हणाली.

चर्चच्या पायऱ्या उतरताना विभानं एक हात कठड्यावर ठेवला. दुसरा तिनं अंगापासून थोडा दूर, खाली सोडला होता. गुणवंत त्या बाजूनं तिच्याजवळ यायला निघाला, मधेच थबकला आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला.