चव्वेचाळिसावा पेला

"उद्या किती भरू? चव्वेचाळीस का त्रेचाळीस?" पुष्पांजलीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

पाळक प्रेमानंद खरात त्या वेळी आपल्या शेवटच्या प्रवचनाचा तिसरा मुद्दा शोधत बसले होते. पहिले दोन सापडले होते. छत्तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी तीन मुद्द्यांखेरीज प्रवचन केलं नव्हतं. दोन मुद्द्यांचं प्रवचन त्यांना एक पाय मोडलेल्या बाजेसारखं वाटे.

"चव्वेचाळीस," ते मान वर न करता म्हणाले. "दर महिन्याले तेवढेच तं भरतेस."

"भरते मी चव्वेचाळीस. पन रिकामे होऊन त्रेचाळीसच येतात, म्हनून इचारलं. मनुकांचा रस हाये, फुकट काऊन घालवाचा?"

पाळकसाहेबांचं पेन थांबलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उंद्रीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असे. भाकरीचा एक तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात काळ्या मनुका भिजवून पिळलेला रस. घेणारे त्रेचाळीस, देणारा एक. देणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी घ्यायचं. पाळकसाहेब सगळ्यांना देत, मग लोकांकडे पाठ करून आपला पेला उचलत, क्षणभर डोळे मिटत आणि तो तसाच भरलेला पांढऱ्या फडक्याखाली ठेवून देत. हे सहा वर्षं चाललं होतं. कोणाला कळलेलं नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. पेले घरी जाऊन कोण धुतं, याचा विचार मात्र त्यांनी केला नव्हता. छत्तीस वर्षं उपदेश करणाऱ्या माणसाला भांडी कोण धुतं हे क्वचितच आठवतं.

"तुले कधीपासून मालूम हाये?" त्यांनी विचारलं.

"पयल्या महिन्यापासून. मी तो रस जासवंदीले टाकते. चांगली फुलते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"आता बोलली ना. उद्या शेवटचा हाये, म्हनून बोलली. मंगळवारी टेम्पो येईन, आपन चिखलीले जाऊ. तिथं मंडळीत मी तुमच्या बाजूले बसीन, अन् तुमी तिथंही पेला तसाच ठेवसान. थे मले पाहावनार नाही." एवढं बोलून त्या पेले पुसायला लागल्या.

प्रभुभोजनाआधी पाळकानं एक सूचना वाचायची असते. ज्याचं शेजाऱ्याशी बिनसलं असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा, मग इथं यावं. ही सूचना पाळकसाहेब फार सुंदर वाचत. शेजाऱ्यावरच्या प्रीतीचं त्यांचं प्रवचन चिखलीपासून देऊळघाटपर्यंत गाजलेलं होतं. ते ऐकून देऊळघाटच्या दोन भावांनी बांधाचा वाद मिटवला असं सांगत. असं प्रवचन करून, खांद्यावर शाल घेऊन ते उंद्रीला परतत, एसटीतून उतरत आणि जानरावच्या दारावरून जायला नको म्हणून शाळेमागून वळसा घालून घरी येत.

जानराव म्हणजे लागूनचा शेजारी. मध्ये छातीएवढी भिंत. घरामागे त्याचं भाजीचं वावर आणि गोठा.

सहा वर्षांपूर्वी नाताळाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी देवळाच्या पडवीत स्वतःच्या हातानं गव्हाणी उभारली होती. बाळ येशू गोठ्यात जन्मला, म्हणून गोठा. त्यात मातीचे मेंढपाळ, रंगीत कागदाचा तारा आणि खराखुरा कडबा. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मंडळाचे मोठे साहेब यायचे होते. पहाटे पाळकसाहेब पाहतात तो जानरावची कालवड ढवळी पडवीत शांतपणे उभी. कडबा संपला होता. तारा अर्धा संपला होता. एका मेंढपाळाचा हात मोडला होता, आणि दिवसभराच्या गीतांची यादी तिच्या तोंडातून लोंबत होती.

गव्हाणीतली वैरण जनावरानं खाल्ली, यात जनावराचं काय चुकलं, हे त्यांना पुढे सहा वर्षं सुचत राहिलं. त्या पहाटे सुचलं नाही. त्यांनी ढवळीला दोर लावला आणि ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात नेऊन दिली. ती तिथं तीन दिवस राहिली. साहेब आले, शांतीचा संदेश झाला, जेवण झालं. जानरावनं ढवळी सोडवून आणली आणि तेव्हापासून तो पाळकसाहेबांशी बोलला नाही. पुढच्या नाताळापासून गव्हाणीत प्लास्टिकचं गवत आलं.

पाळकसाहेबांनी वही मिटली आणि चपला घातल्या.

"येतो जाऊन," ते म्हणाले. कुठं, ते बाईंनी विचारलं नाही.

वावरात जानराव मेथीला पाणी देत होता. पाळकसाहेबांनी चालता चालता क्षमायाचनेची मनात जुळणी केली होती. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप.

"जानराव," ते बांधावरून म्हणाले, "आज मी आपल्याकडे एका विशेष हेतूनं आलो आहे. मनुष्याच्या आयुष्यात काही प्रसंग असे..."

जानरावनं वर पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. "लाईन चारले जाते," तो म्हणाला. "बोलाचं तं बोला, पन उभं राहून नका बोलू. थे फावडं घ्या. वाफा भरला का मातीनं तोंड बुजवा, पुढच्याचं उघडा."

पाळकसाहेबांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. पहिला वाफा त्यांनी उशिरा बुजवला. दुसरा लवकर. तिसऱ्याला पाणी उलटं वाहायला लागलं.

"उभ्या जन्मात फावडं नाही धरलं वाटते," जानराव म्हणाला.

"नाही धरलं." प्रस्तावना चिखलात कुठंतरी पडली होती. "जानराव, ढवळीले कोंडवाड्यात टाकली, थे माझं चुकलं."

"हाव. चुकलंच."

दोन वाफे भरले.

"पन थे मी कवाच सोडून देल्लं," जानराव म्हणाला. "तिनं तुमची गव्हानी खाल्ली, तुमी तिले कोंडली. फिटंफाट झाली. ढोराचं काय, थे चौथ्या दिशी इसरून गेलं."

"मंग राग कायचा?"

जानरावनं पाण्याकडे पाहत सांगितलं, "माय गेली तवा तुमी आले नाही."

गोजरबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती जानरावची आई. पाळकसाहेब उंद्रीला नवे आले तेव्हा पहिली कोथिंबीर तिनं आणून दिली होती आणि विचारलं होतं, तुमच्या देवाले फोडनी चालते ना. ती गेली त्या दिवशी अंगणात सगळा गाव होता.

"चपला घातल्या होत्या मी," पाळकसाहेब म्हणाले. "दोनदा घातल्या. दारातून वापस फिरलो. म्हनलं, जित्तेपनी बोललो नाही, आता मयतीले कोन्या तोंडानं जाऊ."

"मालूम हाये. तुमच्या खिडकीचा परदा हालून राह्यला होता. तिरडी उचलाच्या आधी मी दोन डाव तिकडं पाह्यलं."

पाळकसाहेबांनी आजवर शेकडो घरी जाऊन सांत्वन केलं होतं. त्यासाठीची वाक्यं त्यांच्याजवळ तयार असत. आत्ता त्यांतलं एकही हाताला लागेना.

"म्हातारीले तुमचा राग नव्हता," जानराव म्हणाला. "थे हासत होती. म्हने, पाद्रीबाबाच्या देवाले ढोरायच्या गोठ्यात जागा भेटली, अन् आपल्या ढोराले त्याच्या देवापाशी नाही भेटली. आल्यागेल्याले सांगे. शेवटच्या साली तुमची करंजी खाल्ली तिनं. दात नव्हते, च्यात बुडवून खाल्ली."

"आमची करंजी?"

"मंग कोनाची? दर नाताळाले डब्बा येते ना भिंतीवरून."

"कोन देते?"

जानरावनं त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "तुमची बायको देते, दुसरं कोन देईन? माही बायको घेते. अन् हे मेथी कुठं जाते वाटलं तुमाले? दोन दिसाआड एक जुडी तुमच्या भिंतीवर. सहा सालात खाडा नाही. तुमाले मालूमच नाही?"

पाळकसाहेबांनी फावडं टेकलं. घरात मेथी नेहमी ताजी असे. बाजार आठवड्यातून एकदा भरतो आणि मेथी दोन दिवसांत पिवळी पडते, हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. "बाजारातून आणली," असं पुष्पांजलीबाई म्हणत आणि ते डोळे मिटून या अन्नाबद्दल देवाचे उपकार मानत. उपकार वर पोचतही असतील. पण मधल्या माणसाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं, आणि तो मधला माणूस छातीएवढ्या भिंतीपलीकडे, आपल्यावर रुसून, वाफ्यांना पाणी देत होता. दोन्ही घरांचा समेट सहा वर्षांपूर्वीच झालेला होता. फक्त घरातल्या पुरुषांना कोणी कळवलं नव्हतं.

"मंग तुमी बंद काऊन नाही केली?" त्यांनी विचारलं.

"भांडन मानसासंग हाये. भाजीसंग थोडंच हाये." जानरावनं पुढच्या वाफ्याकडे हात केला. "बुजवा, भरला थो."

चारला लाईन गेली तेव्हा एकच वाफा राहिला होता. पाळकसाहेबांनी मोटारीजवळच्या टाक्यात पाय धुतले. मग ते म्हणाले, "जानराव, घरी येऊ का? मायीसाठी बसाले."

जानराव पुढे चालू लागला.

घरात सत्यभामाबाई, जानरावची बायको, धान्य निवडत होती. पाद्रीबाबा नवऱ्यामागून येताना पाहून तिनं आधी बाहेरच्या मधल्या भिंतीकडे पाहिलं, मग डोक्यावर पदर घेतला. खोलीच्या भिंतीवर गोजरबाईचा फोटो होता, कोणत्यातरी लग्नातला, तोंड अर्धवट उघडं, बहुधा बोलता बोलताच काढलेला. पाळकसाहेब त्याखाली सतरंजीवर बसले. प्रार्थना म्हणाले नाहीत, वचन सांगितलं नाही. मयताच्या घरी गावातली माणसं बसतात तसे गुडघे जवळ घेऊन बसून राहिले. पलीकडे गोठ्यात ढवळी खात होती. तिच्या खाण्याचा आवाज येत होता. आता ती तीन वासरांची आई होती.

बऱ्याच वेळानं ते उठले. मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणायचं नसतं. तेही म्हणाले नाहीत. नुसते उठले आणि दाराबाहेर आले. सत्यभामाबाईच्या ते लक्षात आलं. तीन वर्षं उलटली म्हणून "च्या घ्या" म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं आणि डोळ्यांना पदर लावला.

जानराव मागून आला. हातात मेथीची जुडी होती.

"घ्या."

पाळकसाहेबांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं.

"आता भिंतीवरून कायले? हातातच न्या."

ते रस्त्यानं, जानरावच्या पुढच्या दारातून, जुडी छातीशी धरून घरी आले. पुष्पांजलीबाईंनी चिखलाचे पायचे पाहिले, जुडी पाहिली.

"बाजारात गेल्ते का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"आज कुठं बाजार असते?"

"सहा सालांपासून दोन दिसाआड भरून राह्यला," पाळकसाहेब म्हणाले. "मले आजच समजलं."

बाईंनी जुडी घेतली आणि निवडायला बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, ते पाठीकडून कळत नव्हतं आणि समोर जाऊन पाहायचं पाळकसाहेबांना धाडस झालं नाही.

जेवताना त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." इथं नेहमी आमेन येई. आज ते पुढे गेले. "जानरावनं मेथी लावली, त्याबद्दल. सत्यभामाबाईनं जुड्या बांधल्या, त्याबद्दल. गोजरबाईनं करंजी च्यात बुडवून खाल्ली, त्याबद्दल. माझ्या बायकोनं भिंत ओलांडली, त्याबद्दल." मग जरा थांबून, "ढवळीबद्दल." बाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. भाजी निवत होती, पण त्यांनी डोळा पुन्हा मिटला.

दुसऱ्या दिवशी प्रवचनाला तिसरा मुद्दा नव्हता, आणि पहिले दोनही पाळकसाहेबांनी वाटेत सोडून दिले. त्यांनी ढवळीची गोष्ट सांगितली. मंडळी आधी घाबरली, मग हसली. मागच्या बाकावरच्या तुळशीराम मास्तरांनी, जे गेली चौदा वर्षं प्रवचनात झोपत, शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवले. समेटाची सूचना मात्र पाळकसाहेबांनी नेहमीसारखी सुंदर वाचली नाही. दोनदा अडखळले.

त्रेचाळीस जणांना देऊन झालं. मग पाळकसाहेबांनी आपला पेला उचलला. लोकांकडे पाठ करायला ते सवयीनं अर्धे वळले, आणि पुन्हा समोर झाले.

दुपारी निरोपाचा चहा, फोटो आणि शाल उरकल्यावर पुष्पांजलीबाई अंगणात पेले घेऊन बसल्या. सामानाची खोकी बांधून झाली होती. पेले मंडळीचे होते, ते इथंच राहणार होते. त्यांनी एक एक धुतला, उजेडात धरून पाहिला आणि फडक्यावर पालथा घातला. ओळी लावून झाल्या. चव्वेचाळीस.

भिंतीजवळची जास्वंद वाट पाहत उभी होती. बाईंनी तिला त्या दिवशी नुसतं पाणी घातलं.