टेकडीच्या शाळेला निरोप

आमच्या भागातल्या चौदा शाळांचं मिळून एक मासिक पत्रक निघतं. चार पानांचं. त्याचं नाव 'घडामोडी', आणि ते लिहिते मी. कागदोपत्री मी शाळांच्या कार्यालयात साधी क्लार्क आहे, पण गेली नऊ वर्षं या चौदा शाळांत जे काही घडतं, ते माझ्या हाताखालून गेल्याशिवाय घडलं असं कुणी मानत नाही. वक्तृत्व स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, झाडं लावणं, ती झाडं वाळल्यावर पुन्हा लावणं, सगळं माझ्याकडे येतं.

यात एक छोटीशी अडचण आहे. छापखान्याला मजकूर लागतो पाच तारखेला आणि पत्रक वाटलं जातं दहाला. म्हणजे दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे कार्यक्रम मला आधीच लिहून ठेवावे लागतात, आणि तेही झाल्यासारखे. स्पर्धा उत्साहात पार पडल्या, मान्यवरांनी कौतुक केलं, सूत्रसंचालन अमक्या बाईंनी केलं आणि आभार तमक्या सरांनी मानले. यात मी काही पाप करते असं मला कधी वाटलं नाही. निरुत्साहात पार पडलेला एकही कार्यक्रम नऊ वर्षांत माझ्या ऐकण्यात नाही. एकदा नाट्यस्पर्धेच्या दिवशी दुसऱ्याच अंकात वीज गेली आणि प्रेक्षक भिंती चाचपडत घरी गेले. पत्रकात मात्र प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. गंमत म्हणजे जे स्वतः हजर होते तेही म्हणाले, आम्ही निघाल्यावर वाजवल्या असतील.

आता टेकडीच्या शाळेविषयी. चौदा शाळांतली ही सगळ्यात लहान शाळा. तीन वर्ग, एक लांब ओटा, पटावर सव्वीस मुलं. मुख्याध्यापिका माझी सख्खी मोठी बहीण. तिचं लग्न, संसार, मूलबाळ जे म्हणाल ते ही शाळा. लहानपणी ती मला दारामागे उभं करून पाढे म्हणायला लावायची आणि अजूनही माझं पत्रक लाल पेनाने तपासून परत पाठवते. मी तिला ताई म्हणते, मुलं तिला ताई म्हणतात, मुलांचे आईबापही ताईच म्हणतात.

या शाळेतले शिपाईमामा चौदा तारखेला निवृत्त होणार होते. तीस वर्षं त्यांनी हाताने घंटा वाजवली. बाकीच्या तेरा शाळांत बटण दाबलं की घंटा वाजते. इथे मामा दोरी ओढायचे आणि ओढताना स्वतःशीच आकडे मोजायचे. मी त्यांच्या निरोपाची बातमी नेहमीप्रमाणे आधीच लिहिली आणि जरा जीव ओतून लिहिली. मथळा दिला, 'टेकडीच्या शाळेतील शिपाईमामांना निरोप'. शेवटी वाक्य टाकलं, की मामांच्या हातची घंटा आता ऐकू येणार नाही, या जाणिवेने उपस्थितांचे डोळे पाणावले.

छापखान्यात पानांची मांडणी करणारा एक गृहस्थ आहे. त्याला आम्ही कात्री म्हणतो, कारण मजकूर जास्त झाला की तो कुणाला न विचारता कापतो. त्या महिन्यात आमच्या कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचा फोटो दीडपट झाला, सत्काराचा होता म्हणून. जागा कमी पडली. कात्रीने मथळा एका ओळीत बसवला, 'टेकडीच्या शाळेला निरोप'. बातमीतली मामांच्या नावाची पहिली तीन वाक्यं उडवली. उरलं ते असं, की तीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर भावपूर्ण निरोप देण्यात आला, आणि घंटा आता ऐकू येणार नाही या जाणिवेने उपस्थितांचे डोळे पाणावले. 'मामांच्या हातची' हे दोन शब्दही त्याने कापले होते.

मी दहा तारखेला पत्रक हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. लगेच छापखान्यात फोन करून कात्रीला नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, की प्रूफ तुमच्याकडे आलं होतं, त्यावर तुमची सही आहे. होती. प्रूफ आलं त्या संध्याकाळी आमच्या लेकीची पोहण्याची शर्यत होती. ती तलावाच्या शाळेत जाते. चौदातली सगळ्यात मोठी शाळा ती, आत पोहण्याचा तलाव आहे म्हणून तिला हे नाव. मी तलावाच्या काठावर उभी राहून, एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात पेन, फक्त साहेबांचा फोटो सरळ आहे ना एवढं पाहून सही केली होती. लेक दुसरी आली.

मला वाटलं, लोक कुठे एवढं वाचतात. फार तर हसतील. ताईला मी फोन केला तर तीही म्हणाली, की पुढच्या महिन्यात दुरुस्ती टाक आणि स्वल्पविरामाकडेही जरा बघत जा.

चौदा तारखेला मी टेकडीवर पोहोचले तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. जुने विद्यार्थी, त्यांचे आजी-आजोबा, पाववाला, सायकलवाला, दवाखान्यातली नर्स, ज्यांनी या शाळेचं तोंड वीस वर्षांत पाहिलं नव्हतं असे लोकसुद्धा फुलं घेऊन आले होते. मामांना वाटलं, सगळे आपल्यासाठी. ते प्रत्येकाच्या पाया पडू लागले आणि लोक त्यांना उठवून भिंतीकडे बघत डोळे पुसू लागले. एक आजोबा फळ्यावरून हात फिरवत होते. कुणीतरी खडूचा तुकडा आठवण म्हणून खिशात घातला. मी लिहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त उत्साहात तो कार्यक्रम पार पडला, हे मला कबूल करायला हवं.

पाववाल्याने ताईचे दोन्ही हात हातात घेतले आणि चालायचंच ताई, म्हणाला. तेव्हा तिला कळलं. तिने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की शाळा बंद होत नाहीये, मामा निवृत्त होताहेत, छापण्यात चूक झाली. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकमेकांकडे बघून मान हलवली. बिचारीला अजून कळवलेलंच दिसत नाही, असं कुणीतरी माझ्या मागेच म्हणालं.

चार दिवसांत अकरा मुलांचे आईबाप दाखले घेऊन गेले. मध्येच शाळा बंद झाली तर दुसरीकडे जागा मिळणार नाही, म्हणून लगबग. दाखला देणं ताईला भाग होतं. प्रत्येक दाखल्यावर तिने स्वतःच्या हाताने वागणूक उत्तम असं लिहिलं. पटावर उरली पंधरा.

मी शुद्धिपत्र लिहून मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब माणूस वाईट नाही. ते कुणाला दुखवत नाहीत, त्यामुळे कुठलाही निर्णय घेत नाहीत. वीसपेक्षा कमी पट असेल तर शाळा मोठ्या शाळेत विलीन करायची, असा नियम आहे, आणि टेकडीची शाळा आज ना उद्या त्यात बसेल म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वीच प्रस्ताव करून ठेवला होता. लोक मोर्चा आणतील या भीतीने तो खणातून बाहेर काढला नव्हता. त्यांनी माझं शुद्धिपत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पुसला.

"बाई, घाई कशाला करता," ते म्हणाले. "तीस तारखेला पट मोजू. वीस असतील तर ती चूक. नसतील तर ती बातमी."

मी म्हटलं, की लोक चिडतील. तर त्यांनी पत्रक उघडून मला माझंच वाक्य दाखवलं. उपस्थितांचे डोळे पाणावले, कुणी चिडल्याचं कुठे लिहिलंय, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी शुद्धिपत्र उचलून बाहेर आले.

मग मी घरोघर हिंडले. आठ दिवस, कार्यालय सुटलं की पायात चपला अडकवायच्या आणि निघायचं. जन्मात कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते, ते राहिले. टेकडीच्या शाळेत कसं एकेका मुलाकडे लक्ष दिलं जातं, ताईच्या हाताखालून गेलेली मुलं कशी पुढे जातात, हे मी इतकं सुंदर सांगायचे की माझं मलाच भरून यायचं. सायकलवाल्याने आपली दोघं परत पाठवली. नर्सने एक, पाववाल्याने एक. एकोणीस झाले. मला वाटलं, जिंकलं.

विसावी म्हणून मी शिलाईवाल्या बाईंकडे गेले. त्यांची मुलगी चौथीत, ताईची लाडकी. बाई मशीनवर बसल्या होत्या. मी माझं सगळं भाषण संपवलं तोवर त्यांनी एक अख्खी बाही जोडली. मग दातांनी दोरा तोडून त्यांनी विचारलं.

"तुमची मुलगी कुठल्या शाळेत आहे?"

मी म्हटलं, ती पोहते.

"माझीलाही पोहायला आवडतं," त्या म्हणाल्या. "तुमची वर येऊ दे. दुसऱ्या दिवशी माझी येईल."

वास्तविक माझी आली असती तर विसाचा आकडा तिथेच पुरा झाला असता, त्यांच्या मुलीची गरजच उरली नसती. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. रस्त्याने येताना मला त्या बाईंचा इतका राग आला की मी दोन चौक बोलत आले. एवढ्या उद्धट बाईला कपडे शिवायला देऊ नयेत, असंही ठरवलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू ठरव. आमच्या घरात त्याचा अर्थ नाही असा होतो. मग लेकीला विचारलं. मला खात्री होती, ती भोकाड पसरेल. तिने पुस्तकातून डोकंसुद्धा वर काढलं नाही आणि मावशीच्या शाळेत ना, चालेल की, म्हणाली. मी म्हटलं, तिथे तलाव नाही. तर ती म्हणाली, तलाव संध्याकाळी कुणालाही उघडा असतो.

नऊ वर्षांच्या मुलीचं काय ऐकायचं. तिला तिचं हित कळत नाही, ते आपणच बघायचं असतं. तलावाच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, तीन मैदानं आहेत, तिथल्या मुलांचे आईबाप कोण कोण आहेत. टेकडीच्या शाळेत एकेका मुलाकडे लक्ष दिलं जातं हे खरंच आहे, पण म्हणजे आपलंच मूल तिथे घालायचं असं थोडंच आहे. हे मी त्या रात्री अंथरुणात स्वतःला समजावलं आणि ते मला पटलं. लाज वाटली, नाही असं नाही. पण पटलं.

तीस तारखेला दुपारी चार वाजता मी टेकडीवर गेले. मुलं घरी गेली होती. ताई एकटीच टेबलाशी बसली होती. समोर पटाचा तक्ता, त्यावर तिच्या गोल अक्षरात एकोणीस नावं. विसाव्या ओळीत नुसता आकडा घातलेला होता. पाच वाजता कार्यालयाचा माणूस तक्ता न्यायला येणार होता.

मी बसले आणि बोलायला लागले. शिलाईवाल्या बाईंविषयी बोलले, कात्रीविषयी, साहेबांविषयी, लोकांच्या मेंढरासारख्या वागण्याविषयी. मी खूप बोलले. गृहपाठ न केलेल्या मुलाचं ऐकावं तसं ताई हाताची घडी घालून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने तक्ता स्वतःकडे ओढला.

"मी तुला विचारणार नाही," ती म्हणाली. "विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शाळा जाऊ दे. मला बहीण जायला नकोय."

मला रडू फुटलं. अगदी खरं रडू होतं ते. पाठवते तिला, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. जिभेवर होते. पावणेपाचपर्यंत मी नाक पुसत बसले आणि ते दोन शब्द सोडून बाकी सगळं म्हणाले. ताईने मला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मग विसाव्या ओळीवर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि शिक्का उचलला.

शिक्का उमटला नाही. अकरा दाखल्यांनी पॅड पार कोरडं पडलं होतं. तिने त्यावर दोनदा फुंकर घातली, दाबून पाहिलं, नुसती पुसट कडा आली. त्या सकाळीच कार्यालयासाठी घेतलेलं नवं पॅड माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं, वेष्टन सोडलं आणि झाकण उघडून तिच्यापुढे ठेवलं.