लिफ्ट बंद आहे

आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट चालत्या ठेवणाऱ्या मेकॅनिकने त्या सकाळी आपल्याच इमारतीच्या धडधाकट लिफ्टला तळमजल्यावर पाटी अडकवली : ‘काम चालू आहे. लिफ्ट बंद.’ आणि त्या गावचाच नसल्यासारखा तो लेकीबरोबर हॉस्पिटलात व्यायामाच्या वर्गाला गेला.

हृदयविकाराच्या झटक्याला सात आठवडे झाले होते. सिगारेट सुटली होती, रक्तदाबाची गोळी वेळच्या वेळी पोटात जात होती, मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली होती. त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती लेकीच्या पहाऱ्याची. वर्गातल्या बाईंनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आता दोन मजले चढा, सावकाश. चढताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबा. लेकीने मान डोलावली होती आणि घरी येऊन लिफ्टचं बटण दाबलं होतं. वाद घातला की तिचे डोळे भरायचे आणि त्यापुढे याचं काही चालायचं नाही.

परत आल्यावर पाटी पाहून ती गडबडली. वॉचमनकडून खुर्ची मागवू म्हणेपर्यंत हा चार पायऱ्या चढलासुद्धा. पहिल्या मजल्यावर भेटलेल्या शेजाऱ्याने कुरकुर केली, की मेकॅनिकच्याच इमारतीत लिफ्ट बंद, म्हणजे दिव्याखाली अंधारच.

“तुमचं पोट बघून वाटतं, पाटी महिनाभर ठेवावी,” हा म्हणाला.

लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “बाबा, लिफ्ट चालू आहे?”

“ठणठणीत.”

तिने त्याची बाही धरली आणि खाली चला म्हणाली. त्याने बाही सोडवली नाही आणि पाऊलही मागे घेतलं नाही.

तिची आई याच दुखण्याने गेली होती. डॉक्टरांच्या कागदावर ‘एक आठवडा विश्रांती’ होतं; बापलेकींनी मायेपोटी त्या आठवड्याचं वर्ष केलं. पाण्याचा तांब्यासुद्धा तिला उचलू दिला नाही. व्यायामाच्या वर्गाची चिठ्ठी घडी घातलेलीच राहिली. दोघांनाही हे ठाऊक होतं, पण कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

“तुझ्या आईला आपण दोघांनी बसवून ठेवलं,” तो म्हणाला. “ती आपलं ऐकायची. मी ऐकणार नाही.”

लेकीने एक हात कठड्यावर ठेवला. मग तिने बाही सोडली.

“बोलत राहा मग. आईबद्दल बोला. बोलणं तुटलं की तिथेच थांबायचं.”

तो बोलत चढला. तिची आई पहिल्यांदा भेटली तेव्हा लिफ्टमध्ये अडकली होती. काम दहा मिनिटांचं, पण दाराआडून गप्पा रंगल्या, म्हणून त्याने चाळीस लावली. हे गुपित तिला कधीच कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचं घराचं दार आलं तेव्हा गोष्ट संपली होती आणि बोलणं तुटलं नव्हतं.

लेक पाटी काढायला खाली गेली. परतली ती जिन्यानेच, पाटी काखेत, चेहरा लाल, धापा टाकत.

तो दारातच उभा होता. “आता बोलून दाखव,” तो म्हणाला.